अधिकाराची मुदत

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात, नागपुराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, किन्हीराजा हे गाव आहे. गावाचा इतिहास म्हटला की आपले चित्त स्वभावतःच गढी, देवालय आणि लढाई यांच्याकडे वळते. परंतु वऱ्हाडातील गावांचा संसार ज्या सूत्राने शतकानुशतके बांधला गेला, ते सूत्र दप्तरात होते. जमीन कोणाच्या नावे आहे, सारा किती आहे, गावात शिरण्याची मुभा कोणास आहे, हिशेब कोणी लिहावा, कोणी तपासावा आणि त्यावर मोर्तब कोणी करावे, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव. आज ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेले जात असताना, त्या जाळ्यातील यंत्रांवर दूर बसून देखरेख करणाऱ्यांपैकी कोणास काय दिसावे आणि कोणास काय बदलता यावे, हा प्रश्न संगणकाच्या जाणकारांत अगदी नवा म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः या प्रदेशाच्या गाठी त्या प्रश्नाचा सोळा शतकांचा अनुभव आहे. आणि त्या अनुभवाचे सार असे की, अधिकार वाटून देण्याची विद्या येथील राज्यकर्त्यांना फार लवकर साधली, दिलेला अधिकार परत घेण्याची विद्या मात्र अद्यापही पुरती साधलेली नाही.

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला, काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात कोरलेला ताम्रपट 1939 साली वाशीम येथे उपलब्ध झाला. ब्राह्मणांना दिलेल्या एका गावाचे ते दानपत्र आहे. दानाचे पुण्य सांगणारी वाक्ये अशा पत्रांत असतातच. परंतु कारभाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो त्यातील परिहारांचा, म्हणजे सवलतींचा, तपशील. राजाच्या सैनिकांनी या गावात प्रवेश करू नये, फुले व दूध हक्काने घेऊ नये, मीठ खणू नये, अशा प्रकारे काय वर्ज्य ते एकेक नाव घेऊन सांगितलेले आहे. राजाज्ञेने सर्वत्र संचार करणाऱ्या अधिकाऱ्यालासुद्धा अमुक सीमेच्या आत अमुक गोष्टीस हात लावता येणार नाही, ही मर्यादा चौथ्या शतकात धातूवर कोरून ठेवण्याइतकी महत्त्वाची वाटली होती. अधिकाराची व्याप्ती इतकी रेखीव आखणारी ही दानपत्रे त्याच्या काळाविषयी मात्र निराळे बोलतात: दान चंद्रसूर्य असेतोवर चालावयाचे. व्याप्तीला कुंपण होते, काळाला नव्हते; आणि पुढील सर्व इतिहासाचा गुंता या एका उणिवेतून निघालेला आहे.

1596 मध्ये वऱ्हाड अकबराच्या सत्तेखाली गेले आणि आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशीमचे, म्हणजेच वाशीमचे, नाव नोंदले गेले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, परगण्यात देशमुख व देशपांडे आणि गावात पाटील व पटवारी ही जोडव्यवस्था या मुलखात रुळलेली होती. या जोडीत एक हुकूम करी आणि दुसरा लिही. पाटलाने वसूल करावा, पण वसुलाचा आकडा त्याच्या बोटांनी कागदावर उतरू नये. पटवाऱ्याने आकडा लिहावा, पण रयतेकडून पैसा त्याच्या हातात पडू नये. आणि दोघांचे संगनमत झालेच, तर देशपांड्याच्या परगणे-दप्तरातील जुन्या बेरजांशी गावची बेरीज ताडून पाहता यावी, अशी ही योजना होती. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसे, महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, लिहिला जाई, आणि त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. ज्यांस अक्षर येत नसे असे बलुतेदारही आपापल्या व्यवसायाच्या हत्याराची आकृती काढून साक्ष घालीत. म्हणजे लिहिण्याचा अधिकार एकाचा असला, तरी लेख खरा ठरविण्याचा अधिकार सर्वांत विभागलेला होता.

हीच दृष्टी मराठ्यांच्या राज्यात परिणतीला पोहोचली. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एकाच दर्जाचे अधिकारी नेमलेले असत आणि त्यांनी एकमेकांच्या संमतीने कारभार करावा असा दंडक होता, असे बखरकार सभासद सांगतो. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे निराळा. एकट्या मनुष्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हा त्यातील हेतू उघड आहे. पुढे पेशवाईत मामलेदाराच्या भोवती दरखदारांचे, म्हणजे स्वतंत्र नेमणुकीच्या अधिकाऱ्यांचे, जे कडे उभे राहिले, ते तर अधिकारविभागणीचे एक शास्त्रच होते. दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस अशा आठांपैकी फडणिसाने रोजकीर्द लिहावी, दफ्तरदाराने तीवरून खतावणी करून हुजुरास गोषवारा पाठवावा, पोतनिसाने रोकडीचा जमाखर्च ठेवावा, पोतदाराने नाणे पारखावे, मजुमदाराने हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी पाहून रुजू करावा. यांच्यापैकी कोणालाही बडतर्फ करण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. जिल्ह्याचा सर्वश्रेष्ठ अंमलदार आपल्यावर नजर ठेवणाऱ्याला दूर करू शकत नाही, हे तत्त्व या रचनेत इतके स्वच्छ होते की, आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकाने त्याला मान तुकवावी.

वऱ्हाड मात्र कधीच निर्भेळ स्वराज्यात नव्हते. 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या रणांगणावर निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केल्यानंतर हा मुलूख आसफजाही सत्तेचा झाला, आणि त्याच वेळी नागपूरकर भोसल्यांचे हक्कही त्यावर चालू राहिले. तेव्हा दोअमल म्हणून ओळखला जाणारा विलक्षण प्रकार येथे नांदू लागला. एकाच गावच्या एकाच पिकावर दोन सरकारांचे अंमलदार डोळा ठेवीत, दोघांचे हिस्से निराळे, दोघांचे शिपाई निराळे. पटवाऱ्याचे दप्तर मात्र एकच! दोन धनी एकमेकांच्या लबाडीवर पाळत ठेवीत असल्यामुळे हिशेब शुद्ध राहील अशी अपेक्षा कोणी करील. परंतु दोन धन्यांमध्ये उभा असलेला लेखक हाच खरा धनी होऊन बसतो, हा मनुष्यस्वभाव आहे. 1803 मध्ये आडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि दोअमलीचा शेवट झाला, तेव्हा दप्तर सांभाळणारी घराणी पूर्वीच्याच जागी, पूर्वीपेक्षा अधिक घट्ट बसलेली होती.

ती घट्ट बसली याचे कारण वतन. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, पटवारीपण हे हुद्दे मूळचे कामाचे. परंतु काम करणाऱ्याचा मुलगा तेच काम करील, त्याचा नातूही करील, आणि कोणी ते काढून घेऊ लागल्यास तो अन्याय ठरेल, अशी भावना रूढ झाल्यावर हुद्दा ही मिळकत झाली. मिळकत झाल्यावर तिची वाटणी होऊ लागली, ती गहाण पडू लागली, विकलीही जाऊ लागली. निम्मी पाटीलकी, चौथाई देशमुखी असे शब्द जुन्या कागदांत सहज भेटतात. दप्तर सरकारचे असूनही ते वतनदाराच्या वाड्यातील पेटीत राहू लागले, बहुजनांना न वाचता येणाऱ्या मोडीत लिहिले गेले, आणि ज्याची नोंद त्यात आहे त्या शेतकऱ्यालाच ते पाहण्यासाठी आर्जव करावे लागू लागले. पेशवाईतील दरखही याच वाटेने वंशपरंपरागत झाले. नजर ठेवणाऱ्याला कोणी सहज हलवू नये म्हणून दिलेले स्थैर्य, तो नजर ठेवीत नसला तरी हलविता येऊ नये इतके कठीण झाले. ज्या औषधाने रोग हटावा त्याची मात्रा पिढ्यान् पिढ्या चालू राहिली म्हणजे तेच अपाय करते, तसा हा प्रकार होता.

त्याच्या उलट टोकाचा अनुभवही वऱ्हाडाने घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाची तिजोरी रिती झाल्यावर परगणेच्या परगणे मक्त्याने देण्यात येऊ लागले. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडाचा मोठा भाग होता. 1839 मध्ये त्याला बाजूस सारून पेस्तनजी आणि मंडळींना वाट करून देण्यात आली, आणि 1841 मध्ये दिवाण चंदुलाल याने सरकारास दिलेल्या कर्जाच्या फेडीसाठी त्यांना वसुलाच्या मोठ्या नेमणुका करून दिल्या. याच पेस्तनजींनी 1825 च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईस प्रथमच मोठ्या प्रमाणावर नेला होता, तेव्हा ते कर्तबगार व्यापारी होते यात शंका नाही. प्रश्न व्यक्तीच्या गुणांचा नव्हता. आकारणी, वसुली आणि त्यांचा हिशेब ही तिन्ही सूत्रे एकाच हाती गेली की तो हात कोणाचा हे गौण ठरते. आकडा लिहिणारा, तो तपासणारा आणि तो मंजूर करणारा असा मक्तेदार एकटाच झाला, आणि रयतेला दाद मागण्याची जागा उरली नाही.

1853 च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाइश सुरू झाली, प्रत्येक शेताला भूमापन क्रमांक मिळाला आणि खातेदार सरळ सरकारच्या पुस्तकात आला. देशमुख-देशपांड्यांचे काम त्यामुळे आपोआप संपले. परंतु त्यांचे रुसूम संपले नाहीत! काम गेले, मोबदला राहिला, ही तडजोड इंग्रजांनी जाणूनबुजून स्वीकारली, कारण अधिकार काढणे त्यांना शक्य वाटले आणि मान काढणे महाग वाटले. गावपातळीवर मात्र वंशपरंपरा राखूनच तिला नियमांचा लगाम घालण्यात आला: 1900 च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने नेमणूक, कर्तव्ये आणि बडतर्फी यांना लेखी मर्यादा पडल्या. 1905 मध्ये बाशीम जिल्हा मोडून त्याचा मुलूख अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विभागला गेला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बदलले की कोणते दप्तर कोणाच्या अभिरक्षेत, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला तेव्हा हाच प्रवास उलट दिशेने घडला.

याच राजवटीत आणखी एक जाळे वऱ्हाडातून पसरले. 1867 मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली; रुळांच्या कडेने तारा आल्या. तारेचे वैशिष्ट्य असे की, निरोप धाडणारा आणि घेणारा यांच्या दरम्यान तारमास्तर तो निरोप अक्षरशः वाचतो, वाचल्यावाचून तो पुढे पाठविता येत नाही. लेखकाला मजकूर दिसणे अटळ आहे, पण तो सांगण्याचा अधिकार त्याला नाही, अशी ही नवी परिस्थिती होती. 1885 च्या तार कायद्याने निरोप फोडणाऱ्या, अडविणाऱ्या किंवा बदलणाऱ्या तार-नोकराला शिक्षा ठरविली, बाहेरून मजकूर जाणून घेऊ पाहणाऱ्यासाठी वेगळा अपराध सांगितला, आणि सार्वजनिक आणीबाणीत निरोप रोखण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला. वाहक, उपरा आणि शासन या तिघांच्या दृष्टीच्या मर्यादा एका कायद्यात अशा शेजारी मांडल्या गेल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात वतनाची मुळे उपटली गेली. 1962 च्या अधिनियमाने महाराष्ट्रात मुलकी पाटलांचे पद रद्द झाले आणि वंशपरंपरेची जागा बदलीच्या नोकरीने घेतली. तरी विदर्भातील माणूस तलाठ्याला बोलताना अजून पटवारीच म्हणतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम 150 वाचताना तर जुन्या दप्तरपद्धतीचे सर्वोत्तम अंश नव्या पोशाखात समोर उभे राहतात. तलाठ्याने फेरफाराची नोंद करावी, तिची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत उतरावी, आणि नोंद प्रमाणित करावी ती वरिष्ठाने. लिहिणारा एक, पाहणारे सर्व, खरे ठरविणारा तिसरा: गोतसभा, पटवारी आणि मजुमदार यांना एका कलमात जागा मिळाली आहे. पुढे हा व्यवहार ई-फेरफार प्रणालीत गेला आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तरी तलाठ्याच्या लॉगिनने मंडळ अधिकाऱ्याचे काम होऊ नये ही मूळ विभागणी तीच राहिली.

संगणकाच्या जगाने हा सगळा मार्ग साठ वर्षांत धावत पार केला. 1961 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने एकाच यंत्रावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था दाखविली, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. 1975 मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर यांनी एका निबंधात दोन सिद्धान्त मांडले: प्रत्येकाला कामापुरताच किमान अधिकार द्यावा, आणि नाजूक कृतीला एकाहून अधिक किल्ल्या लागाव्यात. 1992 मध्ये फेरायोलो व कून यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावा आणि व्यक्ती भूमिकेत यावी-जावी असे सुचविले. हवालदार, सरनोबत व सबनीस यांची त्रयी ज्याने अभ्यासली आहे त्याला दुसरा सिद्धान्त अनोळखी वाटणार नाही. आणि वतनाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला तिसऱ्या सूचनेचे मोल विशेष कळेल, कारण हुद्दा माणसाला चिकटू नये हीच तर त्या इतिहासाची शिकवण.

जाळ्यावरील देखरेखीचा इतिहास याहून बोलका आहे. राउटर, स्विच व तत्सम यंत्रांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी 1988 मध्ये एसएनएमपी नावाची संभाषणपद्धती ठरली. देखरेखीचा संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतो: चालू आहेस का, किती भार आहे, कोणती तार तुटली? यंत्र उत्तर देते. आणि याच मार्गाने यंत्राची मांडणी बदलण्याचा हुकूमही देता येतो. या पहिल्या आवृत्तीत ओळख पटविण्यासाठी केवळ एक परवलीचा शब्द होता, तो जाळ्यावरून उघड्या स्वरूपात जाई. आणि कित्येक यंत्रे कारखान्यातूनच वाचण्यासाठी ‘पब्लिक’ व बदलण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हे शब्द घेऊन बाहेर पडत. ज्याला शब्द ठाऊक तो अधिकारी, अशी ही मक्तेदारीच होती. 2002 मध्ये पूर्ण प्रमाण ठरलेल्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र ओळख मागितली, संभाषण गुप्त ठेवण्याची सोय केली, आणि प्रत्येक गटासाठी तीन वेगवेगळ्या कक्षा आखल्या: काय वाचता येईल, काय लिहिता येईल आणि कशाची सूचना मिळेल. यंत्राच्या सर्व माहितीपैकी अमुक शाखाच अमुक गटाला दिसावी, इतका बारकावा त्यात आहे. वाकाटकांच्या परिहारांचा तपशील लिहिणाऱ्या लेखकाला ही रचना समजावून द्यावी लागली नसती.

हा बारकावा आता गावाच्या वेशीपाशी आला आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिच्या प्रथम टप्प्याच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणी ओएलटी हे मुख्य यंत्र आणि ग्रामपंचायतीत ओएनटी ही लहान पेटी असते. सी-डॉट या संस्थेने घडविलेली देखरेखीची प्रणाली कोणती पेटी जागी आहे आणि कोणती निपचित पडली आहे ते दाखविते. किन्हीराजासारख्या गावाच्या दृष्टीने पाहता येथे किती निरनिराळे डोळे आहेत! ग्रामपंचायतीला आपली जोडणी चालू आहे एवढे दिसले तरी पुरे. दुरुस्ती करणाऱ्याला त्याच्या टापूतील यंत्रे दिसावीत आणि पेटी पुन्हा सुरू करता यावी. जिल्ह्याला गोषवारा हवा, मांडणी बदलण्याचा हात नको. कंत्राटदाराला त्याच्या कंत्राटाच्या मुदतीपुरते दार उघडे असावे. आणि सर्व काही बदलू शकणाऱ्या मोजक्यांच्या प्रत्येक कृतीची रोजकीर्द अशा जागी लिहिली जावी की, ती त्यांना स्वतःला पुसता येऊ नये. मामलेदाराला फडणिसाची वही फाडता येत नव्हती, तसेच.

एवढी विभागणी कागदावर तरी आज बहुतेक प्रणाल्यांत शक्य आहे. उणीव राहते ती दुसऱ्याच ठिकाणी. बदली झालेल्या कारकुनाचे लॉगिन चालू असते. कंत्राट संपलेल्या अभियंत्याचा पासवर्ड कोणी बदललेला नसतो. अडचणीच्या रात्री तात्पुरता म्हणून दिलेला पूर्णाधिकार सकाळी परत घेण्याचे कोणास स्मरत नाही. एकाच नावावर चौघे काम करतात, आणि कृती कोणाची हे विचारल्यास चौघेही एकमेकांकडे पाहतात. ही सर्व वतनेच होत. कोणी सनद दिलेली नाही, कोणी वंशावळ मांडलेली नाही, तरी काम सरले आणि अधिकार उरला, हे देशमुखांच्या रुसुमाचे लक्षण त्यांना तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच की देशमुखाचा रुसूम सरकारच्या खतावणीत तरी दिसत असे. विसरलेले लॉगिन ते वापरले जाईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. सीईआरटी-इन या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये यंत्रांच्या नोंदी 180 दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला तो उचित आहे. परंतु नोंद हे घडून गेल्यावरचे साधन आहे.

यावर उपायही आपल्या दप्तरातच आहे, आणि त्याचे नाव जमाबंदी. महसुली व्यवस्थेत गावचे सर्व नमुने वर्षातून एकदा वरिष्ठापुढे मांडून, मागील वर्षाच्या नोंदींशी ताडून, जे चालू ठेवावयाचे ते स्पष्ट शब्दांनी चालू ठेवण्याची रीत आहे. पुण्यात भूमी अभिलेखांच्या प्रमुखाला अजून जमाबंदी आयुक्त म्हणतात ते या परंपरेमुळे. अधिकारांचीही अशीच वार्षिक जमाबंदी व्हावी: प्रत्येक नावासमोर हुद्दा, व्याप्ती, देणारा आणि अखेरची तारीख हे चार रकाने असावेत, आणि जे नाव कोणी कारणासह पुन्हा मागितले नाही ते आपोआप गळून पडावे. म्हणजे सिद्ध करण्याचा भार अधिकार काढणाऱ्यावर न राहता तो राखू इच्छिणाऱ्यावर पडेल. वऱ्हाडाला वतनाचा उलगडा करण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, कारण तेथे भार उलट बाजूला होता; ज्या दप्तरात ‘मुदत’ हा रकाना पहिल्या दिवसापासून भरलेला असतो, त्याला तो उलगडा करण्यासाठी पुढे कायदा करावा लागत नाही.